ओकाखालचं पत्र

इंग्लंडातल्या डार्टमूरच्या रानातून परतणाऱ्या बसमध्ये लव्हडेबाईंच्या पुढच्या बाकावर चिखलानं माखलेल्या बुटांतले डिगरी आणि त्याची थोरली बहीण वाद घालत होते.

"ताई, ओकाच्या झाडाखाली लपवलेल्या त्या डब्यात बाबांचंच, तेही आईच्या नावाचं, पत्र सापडावं! घरी नेऊन आईच्या हातात देऊ."

"खुळा की काय? रानातल्या डब्यात लोक पत्ता घालून पत्र ठेवतात; ज्याला सापडेल त्यानं ते टपालात टाकायचं. बाबांनी जन्मभर हा नेम पाळला."

"अगं, बाबांना जाऊन सहा महिने झाले. पोस्टमननं त्यांच्या अक्षरातलं पाकीट दिलं, तर म्हातारी दारातच कोसळेल."

"नाही कोसळणार."

"मोठी डॉक्टरीण लागून गेलीस!"

"डिगरी, त्या ओकाकडे आपल्याला पाठवलं कुणी?"

"आईनं."

"बाबांनी रानातल्या शेवटच्या फेरीत तिथं पत्र ठेवलंय, हे तिला ठाऊक होतं. पण 'घेऊन या' म्हणाली का?"

"नाही. 'तेवढा डबा शोधा' एवढंच."

"आणि रोज पोस्टमन आला की दाराशी पहिलं कोण पोचतं?"

"आईच. काठी विसरून."

डिगरीनं हातातल्या पाकिटाचे दुमडलेले कोपरे सरळ केले.

"टपालपेटी कुठल्या थांब्यावर आहे गं?"

"पुढच्याच, बाळा," मागच्या बाकावरून लव्हडेबाई बोलून गेल्या.