गहाण कार्ड

अठ्ठ्याण्णव साली नगरच्या एका बँकेत कृपा आपल्या क्रेडिट कार्डाची लिमिट वाढवायचा अर्ज घेऊन रांगेत उभी होती. मागं तिच्याच वयाचा सम्राट आणि सुप्याच्या कारखान्यातले त्याचे वडील होते.

"अण्णा, सही करा ना," सम्राट म्हणाला. "लिमिट वाढंल."

"दहा हजार पुरंनात व्हय?"

"बूट घेतले, पोरांना पार्टी दिली. संपले."

"कार्ड दाखव."

"खोलीवर हाय."

"दिवाळीतबी खोलीवरच हुतं. खरं सांग."

"मेसवाल्याकडं. गहाण."

"कार्ड गहाण?"

"घड्याळ आधीच दिलं हुतं. आता त्यानं डबाबी बंद केला."

"मग जेवतोस कुठं?"

सम्राटनं हातातला अर्ज खिशात कोंबला.

"सही राहू दे. चल, आधी जेवून घे."

खिडकीतून कारकुनानं हात पुढं केला. "ताई, अर्ज?"

"अर्ज न्हाई," कृपा म्हणाली. "कार्डाचे थकलेले पैसे भरायचेत."