ओडेसाची फाइल

— नाही, त्या खुर्चीवर नका बसू, ती डुगडुगते, मागच्या आठवड्यात एक वकील तिच्यावरून गडगडला — मला काही वाईट वाटलं नाही. इथं बाकावर या. तर ओडेसाची फाइल आता तुमच्याकडे. मी व्हर्ना. दोन वर्षं त्या पोरीच्या वतीनं या कोर्टात मीच उभी राहायचे. पगार? अहो, स्वयंसेवक आपण — मिळतो तो त्या मशीनमधला चिखल, त्याला इथं कॉफी म्हणतात. आधी एकतीस वर्षं याच तालुक्यात शाळेची बस चालवली, त्यामुळे कुठल्याही गोंधळाला मी घाबरत नाही. न्यायाधीश हॅस्केटबाईंना ते आवडत नाही — पण त्यांना तसं काहीच आवडत नाही.

पोर नऊ वर्षांची. आई, केलीन, नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली म्हणून सरकारनं हिला उचललं. तेव्हापासून सांभाळणारी तीन घरं झाली, तिची केस बघणाऱ्या चार सरकारी बाया झाल्या, वकील तर मी मोजलेच नाहीत — एकानं भर कोर्टात तिला 'तो मुलगा' म्हटलं. टिकलं कोण, तर मी. आपलं काम एवढंच — पोरीला भेटायचं, शाळेत विचारायचं, आईला भेटायचं, आणि तिचं भलं कशात आहे ते कोर्टाला लिहून द्यायचं. घरी न्यायचं नाही, वचनं द्यायची नाहीत. नियम चांगलेच आहेत — मी मोडले.

का म्हणजे? डिसेंबरात, शुक्रवारी, तिसऱ्या घरानं तिला परत केलं — कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबून. नवं घर सोमवारी मिळणार, तोवर सरकारी ऑफिसातल्या सोफ्यावर झोपवू म्हणाले. म्हटलं, सोफ्यावर तुम्ही झोपा. आणली घरी. अकरा पॅनकेक खाल्ले तिनं — आणि ओकली, माझ्या बुटांवर. पुढं हॅस्केटबाईंनी विचारलं, कोणाच्या परवानगीनं? म्हटलं, कोणाच्याच नाही. म्हणून मला काढलं, आता तुम्ही. मी मग सांभाळणारं घर म्हणून अर्जच टाकला — माझं घर मंजूरही झालं, पोर मात्र अजून मिळालेली नाही. आईकडे की माझ्याकडे, ते आज ठरेल. खोली पिवळी रंगवलीय, तिला पिवळा आवडतो — नाही, ती काही म्हणाली नाही, मीच ठरवलं.

आई? बरी आहे. सात महिने गोळीला शिवलेली नाही, बेकरीत कामाला जाते — पण सात महिने म्हणजे काय हो? माणूस घसरतो. तुम्ही एवढंच सांगा ना, की अजून थोडं थांबावं. खोटं थोडंच आहे? — असं बघू नका माझ्याकडे.

माझा शेवटचा अहवाल वाचलात? पान चार? वाचलाच असणार, तुम्ही त्यातलेच दिसता. मीच लिहिलंय — आई भेटायला आली की पोर दारातूनच बोलत सुटते, शाळेतलं, पडलेल्या दाताचं, सगळं एका दमात. आई गेली की तासभर गप्प. तिला आईकडे पाठवा, असं मीच लिहिलंय. आणि माझ्या घरी दोन दिवसांत बोलली काय, तर 'आईला फोन करू का?' — बास.

तुम्हाला पुकारलं, उठा. मघाचं मी काही बोलले नाही. पान चार वाचून दाखवा, आणि मोठ्यानं वाचा, हॅस्केटबाईंना कमी ऐकू येतं — मी? मी नाही येत आत. जा ना.