सातवं पॅनेल

माझं माहेर मालवणाकडे, आडगाव, रस्ता सोडून डोंगरात दोन तास चालायचं तेव्हा आमचं घर, पण त्याचं काय सांगू तुम्हाला, सतराव्या वर्षी लग्न होऊन भांडुपला आले ती इथलीच झाले. माझे मालक तेव्हा मिलमध्ये होते, मग संप झाला, मग ते घरीच. मी अंधेरीला ट्रान्झिस्टरच्या कारखान्यात डाग द्यायला होते, सोल्डरिंग हो, आम्ही डाग देणं बोलतो. आमच्या लायनीत सगळ्या बायकाच, कारण बारीक तारेवर पुरुषांचा हात थरथरतो असं आमचा सुपरवायझर बोलायचा आणि ते खरं होतं. माझा हात कधी थरथरला नाही. पुढे थरथरला, ते सांगते.

कारखाना बंद पडला आणि कुणीतरी मला मुलुंडच्या सरांचा पत्ता दिला. सर शाळेत विज्ञान शिकवायचे, रिटायर झालेले, एकटेच, वरच्या मजल्यावर घर आणि वर गच्ची. त्यांचं वेड एकच, जिथे लाईट नाही तिथे उन्हावर दिवा लावायचा. साकीनाक्याच्या भंगारातून सोलरच्या कसल्या त्या गोल निळ्या-काळ्या चकत्या आणायचे, पापडापेक्षा पातळ, कंपनीने नापास केलेल्या, कुठे टवका उडालेला, कुठे चीर गेलेली. त्या मी तारेने एकमेकींना जोडायची. खाली प्लायवूड, वर काच, मधे चकत्या, आणि चारी कडा सिलिकॉनने बंद करायच्या. माशांच्या काचेच्या टाक्या जोडतात बघा, तेच ते, ट्यूबमधून येतं, आंबूस वास मारतं, वाळलं की रबर होतं. सर रोज बोलायचे, बाई, डाग एखादा कच्चा राहिला तर चालेल, कड कच्ची राहता कामा नये, पाणी आत गेलं की सगळं गेलं. मी बोलायचे, हो सर. त्यांच्या त्या रोजच्या पालुपदाला मी मनातून हसायची, उगाच कशाला खोटं सांगू.

आता माझ्या हातांचं सांगते. डाग देऊन देऊन आणि काच पुसायच्या स्पिरिटने बोटं फुटायची, रक्त यायचं, म्हणून मी मुठेल चोळायची. कोकमाच्या बियांचं तेल ते, घट्ट गोळा असतो, आई दरवर्षी गावाहून पाठवायची. जेवण झालं की हात धुऊन मुठेल चोळायचं आणि मग कडा भरायला बसायचं. काच स्पिरिटने लख्ख पुसायची, मग तीच काच दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवायची. इतकं साधं. कुणाच्या डोक्यात येईल सांगा?

तशी सात पॅनेलं झाली, दिवसा उन्हाने खालची बॅटरी भरायची आणि रात्री तिच्यावर दिवा. एक सरांच्या गच्चीवर. एक माझ्या धाकट्या बहिणीकडे, शेवंतीकडे, ती भांडुपच्या टेकडीवर राहते, पार वर, तिथे तेव्हा लाईटच नव्हती. तिला मूल झालं होतं, तीन महिन्यांची मुलगी, रॉकेलच्या दिव्याने पोरीला खोकला लागतो म्हणून मी सरांकडे हट्ट करून ते पॅनेल तिला दिलं. बाकीची पाच इकडेतिकडे, अशीच बिनलाईटच्या घरांत.

नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, पावसाने जरा उघडीप दिलेली, दुपारची वेळ. मी आणि सर खोलीत काम करत होतो आणि जळका वास आला. मला वाटलं माझंच काहीतरी, खाली बघितलं, काही नाही. सर वर धावले, मागून मी. त्यांचं ते गच्चीवरचं पॅनेल, त्याच्या एका कोपऱ्यातून धूर येत होता आणि मागचं प्लायवूड कोळशासारखं काळं, वायरचं प्लास्टिक वितळून थेंब थेंब खाली. सरांनी टॉवेलने वायर ओढून काढली. मला बोलले, आत पाणी गेलंय, तारा एकमेकींना लागल्या, आणि खालच्या बॅटरीची वीज उलटी वर चढली. मधे फ्यूज टाकायला हवा होता, ती माझी चूक. पण पाणी गेलं कुठून?

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कड उचलली. उचलली म्हणजे काय, काही जागी ती चिकटलेलीच नव्हती, सालीसारखी सुटून आली. मी वाकून बघितलं. सुटलेल्या जागा एका बाजूला चार होत्या, शेजारी शेजारी, आणि तशाच चार समोरच्या बाजूला. काच उचलताना माझी मुठेल चोळलेली बोटं जिथे टेकतात तिथेच. सर बोलले, ह्या एकाची ट्यूब खराब निघाली वाटतं. आणि मी, काय सांगू तुम्हाला ताई, मी बोलले, हो सर, तसंच असेल. घरात मी एकटी कमावती, काम गेलं तर खायचं काय, ते एवढंच डोक्यात आलं. पण तेही दोन मिनिटंच. मग शेवंतीची पोर आली डोळ्यांपुढे.

डोकं दुखतं सांगून निघाले. बस कशी पकडली, टेकडी कशी चढले, मला आठवत नाही. चढताना नजर सगळी वर, कुठे धूर दिसतो का. कुणाच्या चुलीचा धूर दिसला तरी मी धावत सुटायची. शेवंती दारातच होती, बोलली, गो बाय, इतक्या उन्हाचा धावत कित्याक इलंस, आधी पाणी तरी पी. मी आत बघितलं. पॅनेल छपरावर, छप्पर पत्रा आणि वर प्लास्टिक, आणि बरोबर त्याच्या खाली साडीची झोळी, झोळीत पोर. मी बाहेरून स्टुलावर चढले. काचेच्या आतून घाम आलेला, थेंबच थेंब. आयुष्यात पहिल्यांदा माझा हात थरथरला, वायर धरवेना. आधी बॅटरीकडून काढली, मग वरची. शेवंती चिडली, दिलेला लाईट परत खंय नेतंस, पोर काळोखात ठेवू? मी पोरीला झोळीतून काढून छातीशी धरलं आणि रडले, ती घाबरून माझ्याहून मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे दोन्ही हात ठेवले आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता हाकलतील. सर इतकंच बोलले, बाई, काल का नाही बोललात? मधे एक रात्र गेली ना.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. बहिणीचं घर वाचवलं आणि पाच घरं तशीच झोपू दिली. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. लगेच निघालो, वहीत पत्ते होते, रिक्षाने, पायी. प्रत्येक दारात मी आधी छपराखाली काय आहे ते बघायची, कुठे कपड्यांचं बोचकं, कुठे पोरांची वह्यापुस्तकं, एका ठिकाणी खाटेवर माणूस झोपलेला. एका पॅनेलचं लाकूड कोपऱ्यात करपायला लागलेलं, त्या घरच्यांनी त्याला पावसाचा डाग समजून सोडून दिलेलं. चार हाती लागली. पाचवं नाही.

ते नेणारा माणूस मुरबाडकडचा. गोणपाटात बांधून गावाला घेऊन गेला, पत्ता नाही, वहीत नुसतं पाटील. मुरबाडकडे पाटील किती असतील? सर तीन वेळा बाजाराच्या दिवशी जाऊन विचारून आले, एकदा मीही गेले. कुणी सांगेना. मला तो माणूस चांगला आठवतो, मीच त्याला ते बांधून दिलं होतं. बोलला होता, म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, उठता येत नाही, तिला रात्री काळोखाची भीती वाटते म्हणून नेतोय.

चार वर्षं झाली त्याला. आम्ही अजून पॅनेलं करतो. आता प्रत्येकात फ्यूज, कडा दोनदा भरायच्या, रबरी मोजे घालून, आणि मग दिवसभर पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचं, थेंब आत दिसला की फोडून परत. सर बोलतात, बाई, आता पुरे, तुम्ही झोपत जा. शेवंतीची मुलगी बालवाडीत जाते, माझ्या अंगाखांद्यावर खेळते. सगळं बरं आहे. पण दिवेलागणीला मी देवापुढे उभी राहते तेव्हा माझ्यासाठी काही मागत नाही, खरंच सांगते. मी बोलते, देवा, ते पॅनेल पहिल्याच दिवशी बंद पडलेलं असू दे. त्या पाटलाने मला फसवी बाई म्हणून शिव्या घातलेल्या असू देत. ती म्हातारी काळोखात पडून असेल तर असू दे, घाबरत असेल तर घाबरू दे तिला, पण ती असू दे.