राबाची माती, परसातला टोमॅटो

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय यज्ञेश्वरभाऊ, व्यासपीठावरच्या सरपंच शर्मिलाताई, सत्कारमूर्ती कृषी सहायक देवव्रत साहेब, आणि जमलेल्या माझ्या तुडीलकर बंधुभगिनींनो,

भाषण लिहायला उशीर झाला, माफी असावी. चार कागद फाडले. सगळ्यांनी साहेबांचं कौतुक केलं. मला ते जमणार नाही. माझा साहेबांवर राग आहे आणि तो मी शालीखाली झाकणार नाही.

दोन वर्षांपूर्वी साहेब म्हणाले, माती तपासून घ्या. मी दिली. कागद आला. साहेबांनी वाचून सांगितलं, "आजोबा, चुना नको, राख नको. थोडा युरिया द्या." दिला. झाडं माझ्या छातीला लागली. पण टोमॅटो? एकेक फळ बुडाला काळं, चामड्यासारखं! साहेब आले, उभ्याउभ्या बघितलं आणि चारचौघांत म्हणाले, "कागद खोटं बोलत नाही. तुम्हीच पाणी चुकवलंत." सत्तर पावसाळे पाहिलेल्या माणसाला पाणी शिकवता? गेल्या वर्षीही तेच झालं. मग मी तालुक्याला तुमच्याविरुद्ध अर्ज केला. हो, तो मीच.

रावजी, जेवण थंड होतंय ते मला दिसतंय. बसा खाली. तुमच्या वांग्यांबद्दल मी बोलत नाही, हे उपकार समजा.

तर गणपतीत मी पुन्हा साहेबांच्या नावाने बोटं मोडत होतो. आमची बायको बयाबाई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "माती राबाची दिलीत नाय? मग त्या साहेबाला कशाला बोलताय? कागद राबाचा नि टोमॅटो परसातला!"

साहेब घाटावरचे, म्हणून सांगतो. भाताची रोपं करायला आम्ही शेण, पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं जाळतो, त्या जागेला राब म्हणतात. वर्षानुवर्षांची राख तिथे, म्हणून कागद चुना नको म्हणाला. परसात मात्र नुसती तांबडी माती, चुन्याला भुकेली, म्हणून फळं बुडाला काळी. सरकारी तपासणीला जायची माती म्हणून मी घरातली सगळ्यात चांगली दिली. पाहुण्यांसमोर फुटका कप ठेवतो का आपण?

चूक माझी. पण साहेब, "माती कुठली?" एवढं तुम्ही एकदा तरी विचारलंत का? नाय विचारलंत! तो राग अजून आहे. आणि माझ्या अर्जामुळे तुमची बदली झाली की काय, ह्या विचाराने महिनाभर घास उतरत नाही, तेही आहे.

परसात लावतो ते बी बयाबाईने आंबेनळीकडच्या माहेराहून आणलेलं, चपट्या आंबट टोमॅटोचं. काळ्या फळांचं बी धरता आलं नाही. फडक्यात चिमूटभर उरलंय. म्हणून अंदाजाने चुना टाकायला हात धजत नाही.

इतरांनी श्रीफळ दिलं. माझ्याकडून ही पिशवी. परसातली माती, पाच ठिकाणची, वीतभर खोलवरची, सावलीत वाळवलेली. उघडून बघा, राख नाही. नव्या साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सांगण्याएवढा धीर माझ्यात नाही.

कमीजास्त बोललो असेन तर चौथी शिकलेला म्हातारा म्हणून पोटात घाला. ऐकून घेतलंत, आभारी आहे. साहेब, बयाबाई दिवाळी झाली की बी टाकणार, ती माझ्यासाठी थांबायची नाही. चुना किती घालू, तेवढं लवकर कळवा.