सुध्याची उशी आणि डॉक्टरच्या विटा

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडाल. आमच्या लालबागच्या चाळीतला सुध्या. जेवून आडवा झाला की छातीत जळजळ. डॉक्टर म्हणाले, "पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा, उतारावर झोपा, आराम पडेल." सुध्याने लगेच उशीकडच्या पायांखाली दोन-दोन विटा सारल्या.

आठ दिवसांनी भर दुपारी त्याच्याकडे गेलो आणि दारातच माझी बोबडी वळली. सुध्या पलंगावर उताणा, पाय वर, डोकं खाली, तोंड लालबुंद आणि सुजलेलं!

"अरे, जिवंत आहेस ना?"

"जळजळ दुप्पट झालीय रे," तो रडवेला झाला. "उद्या घशातून दुर्बीण घालणार आहेत. मी काय वाचत नाय."

"गाढवा, डोकं वर पाहिजे! तू उलटा झोपलायस!"

"डॉक्टरनी उतारावर झोपायला सांगितलं, उतारावरच झोपलोय ना?"

"पण विटांकडची उशी इकडे कोणी आणली?"

"मी आणलंय," मोरीतून त्याची आई बाहेर आली. "पाय दक्षिणेक येत होते. जितो माणूस दक्षिणेक पाय करून निजता काय?"

"अहो काकी, मग विटासुद्धा इकडे आणायच्या ना!"

काकी माझ्यावरच डाफरल्या, "उशी माझी हा. विटा डॉक्टरान सांगल्यान. डॉक्टराच्या औषधाक मी कित्याक हात लावू?"