दर दहा किलोमीटरला एक बाटली

(वलगावच्या शिवारातला कापसाच्या वावराचा धुरा. दुपार कलली आहे.)

नत्थुजी: तुमी अशा उन्हात पायी काहून आल्या, वहिनी? निरोप धाडला असता त मीच आलो असतो घरी.

विमल: तीन निरोप धाडले. एक तेराव्याचा, एक दिवाळीच्या आधी, आणि एक परवा सायकल क्लबातल्या योगेशच्या हाती. तुम्ही आला नाहीत.

नत्थुजी: वेचनी चालू हाय. बाया भेटत नाई, मंग आमालेच...

विमल: तेराव्याला वेचणी नव्हती, नत्थुजी.

नत्थुजी: नव्हती. तुमच्या दारात उभं राहाले तोंड नाई मले. दोघं गेल्तो सायकलीवर, अन् मी एकटाच वापस आलो. काय सांगू तुमाले येऊन?

विमल: तो दिवस सांगा. सकाळपासून. सगळे मला एवढंच म्हणतात, ऊन लागलं, बाई, ऊन लागलं. माझा नवरा शेवटचा कोणाशी, काय बोलला, हे मला कोणी सांगत नाही. सोबत तुम्हीच होतात.

नत्थुजी: त्यानं काय होईन आता?

विमल: काही नाही होणार. तरी सांगा.

नत्थुजी: बसा मंग अठी सावलीत. हे पोतं घ्या खाली.

विमल: राहू द्या. मी बरी आहे अशीच.

नत्थुजी: सहा वाजता निंगालो पंचवटी चौकातून. अठ्ठावीस सायकली होत्या. अकोल्याले जाऊन वापस याचं, दोनशे किलोमीटर, साडेतेरा घंट्यात. पोट्टे त बदनेऱ्याच्या पयलेच दिसेनासे झाले. आमी दोघं म्हातारे मागं. वकीलसाहेब खुशीत होते. बार रूममधल्या साऱ्याइले सांगून ठेवलं होतं म्हने, एकसष्टाव्या वर्षी मोरोपंत दोनशे मारून येते का नाई पाहा. सात वर्ष झाले वहिनी आमाले संगं सायकल चालवाले. पयल्या दिवशीची गोठ सांगतली असन त्याइनं तुमाले.

विमल: दुधाच्या कॅनांची?

नत्थुजी: हो. मी दोन भरल्या कॅना लटकवून अमरावतीले चाललो होतो, अन् हे नव्या गेरच्या सायकलीवर. मी पुढं निंगालो त मांगून आवाज देला, ओ दूधवाले, पान्याचं दूध हलकं असते म्हनून पयता का?

विमल: घरी येऊन आधी तेच सांगितलं होतं मला. म्हणाले, एका दूधवाल्यानं हरवलं, आता त्याचंच दूध लावतो.

नत्थुजी: मंग त्या दिवशी माया कॅरिअरवर तीच कॅन होती. धुऊन पान्यानं भरली होती. रिद्धपूरचं ध्यानात होतं ना मले.

विमल: मलाही होतं.

नत्थुजी: रिद्धपूरहून येतानी गेल्या साली कशी गत झाली होती त्याइची. ओठ सुकले, पायात गोये आले, लघवी हयदीसारखी. घरी आनून टाकलं त तुमी मले म्हनलं होतं...

विमल: काय म्हटलं होतं ते मला माहीत आहे. तुम्ही सांगा पुढे.

नत्थुजी: तुमी म्हनलं, यांना प्यायचं भान राहत नाही, नत्थुजी, तुम्ही पाजत जा, तुमच्या भरवशावर सोडते. मंग मी नेमच केला. दर दहा किलोमीटरले एक बाटली. लिटरची. मी शिट्टी मारो, ते थांबत. संपल्याबिगर पायडलवर पाय नाई ठेवू देला.

विमल: दरवेळी पूर्ण?

नत्थुजी: पूर्ण. म्हनत, नत्थु, तहान नाई रे लागली. मी म्हनो, तहान लागायच्या आंधी पेयाचं असते, रिद्धपूर विसरले का? हासत अन् पेत. मूर्तिजापूरपावतर सहा बाटल्या झाल्या. त्याच्याशिवाय हाटेलात पेले ते येगळं.

विमल: लघवीला उतरले होते?

नत्थुजी: असं काहून इचारता?

विमल: सांगा.

नत्थुजी: सकायी दोनदा. कुरुमच्या पुढं मंग नाईच. मले वाटलं, सारं घामावाटं चाल्लं. म्हनून मूर्तिजापूरच्या पुढं शिट्टी जल्दी मारली. तठून त्याइचं डोक्सं दुखाले लागलं. मयमय होऊन राहिली म्हने. हातमोजे काढू पाहे त निंगतच नाई. बोटं सुजली होती. आंगठी रुतली होती मासात. मी म्हनलं, हँडल धरून धरून होते असं.

विमल: ती अंगठी अकोल्याला नर्सनं कापून काढली.

नत्थुजी: हो?

विमल: पुढे.

नत्थुजी: बोरगाव मंजूच्या अलीकडं एका लिंबाखाली सायकल सोडून देली त्याइनं. उलटी झाली. निस्तं पानी. मले वाटलं, झालं, पोटात होतं तेबी गेलं, आता कोरडेच पडन हे. डोक्यावर पानी घातलं. अन् मंग पाजलं. दोन बाटल्या. मानेखाली हात घालून पाजलं, वहिनी.

विमल: ते पीत होते?

नत्थुजी: पाजलं ना मी.

विमल: नत्थुजी, ते स्वतःहून पीत होते का?

नत्थुजी: मान हालवत होते. नत्थु, आता नोको रे, म्हनले. शुद्धीतलं तेच शेवटचं. मंग मायाकडे पाह्यलं, पन वयख नव्हती डोयात. मले म्हने, अशील आले का? त्याच्या मंग झटका आला. अॅम्बुलन्स आली, अकोल्याले नेलं. तठून पुढचं तुमी पाह्यलंच. तीन दिवस.

विमल: आता नको, असं म्हणाले.

नत्थुजी: हो. तेच खाते मले. रातदिवस. मी ऐकलं. दोनच बाटल्या पाजून थांबलो. अजून एक पाजली असती जबरदस्तीनं त हा मानूस वाचला असता.

विमल: म्हणून रविवारी कुरुमच्या फाट्यावर उभे राहणार आहात?

नत्थुजी: तुमाले योगेशनं सांगतलं? हो. पुढची दोनशेची राइड हाय. मी नाई चालवत आता, पन चार कॅना पानी घेऊन उभा राहीन. वकीलसाहेबाचा फोटो लावून. कोनालेच एक बाटली पेल्याबिगर पुढं जाऊ देनार नाई, आंगावर आला तरी. मायाकून तेवढंच होते आता.

विमल: त्यासाठीच आले मी.

नत्थुजी: फोटो पाह्यजे होता का तुमाले चांगला?

विमल: पाणी कमी पडलं नव्हतं, नत्थुजी.

नत्थुजी: काय?

विमल: मागच्या आठवड्यात मी अकोल्याला गेले होते. एकटी. डॉक्टरांनी कागद उघडून नीट समजावलं. त्या तीन दिवसांत ते सांगत होते, पण तेव्हा माझ्या कानांत काही शिरतच नव्हतं. यांना ऊन नव्हतं लागलं. पाणी जास्त झालं.

नत्थुजी: पानी कधी जास्त होते का? विहिरीत पडून मरते मानूस पान्यानं. रस्त्यावर सायकल चालवता चालवता कोन मरते पान्यानं?

विमल: मीही हेच विचारलं. ते म्हणाले, वरणात पाणी ओतत गेलं की त्याला मीठ लागत नाही, तसं रक्ताचं झालं. मीठ घामातून गेलं, वरून नुसतं पाणी, आणि शरीरानं ते धरून ठेवलं. त्यात यांची बीपीची गोळी. ती मीठ बाहेर काढते. मग मेंदूला सूज आली. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, माणूस न ओळखणं, सगळं त्याचंच.

नत्थुजी: बोटं त्याच्यानं सुजली?

विमल: हो.

नत्थुजी: अन् लघवी बंद झाली ते?

विमल: तेही.

नत्थुजी: म्हंजे लिंबाखाली जे पाजलं...

विमल: मी ते म्हणायला आले नाही.

नत्थुजी: मंग काय म्हनाले आल्या? ते नोको म्हनत होते. त्याइच्या आंगाले समजलं होतं, अन् मी नरडं धरून...

विमल: नरडं धरून नाही. मानेखाली हात घालून.

नत्थुजी: एकच झालं ते! एकच झालं, वहिनी! काहून सांगतलं तुमी मले? उन्हानं गेले, एवढंच राहू देलं असतं. मी तसाच मेलो असतो एक दिवस.

विमल: तेच ठरवलं होतं. अकोल्याहून परतताना बसमध्ये ठरवलं, की हे माझ्यापाशी ठेवायचं. तुम्हाला कधीच सांगायचं नाही. चार दिवस ठेवलंही. परवा योगेश आला आणि कौतुकानं तुमच्या कॅनांचं सांगू लागला. रविवारी एकतीस जण आहेत. त्यात आमचा अद्वैत आहे, माझ्या दिरांचा मुलगा. तो तुम्हाला नाही म्हणणार नाही. काकांच्या फोटोसमोर उभा राहून गुमान पिईल. मग मी काय करू?

नत्थुजी: तुमीच सांगतलं होतं मले पाजाले.

विमल: हो.

नत्थुजी: तुमीच म्हनलं होतं, भरवशावर सोडते.

विमल: हो. मीच म्हटलं होतं. आणि दुसरंही मीच केलं. क्लबानं त्यांना मीठ-साखरेच्या सहा पुड्या दिल्या होत्या, पाण्यात टाकून प्यायला. आदल्या संध्याकाळी मी बॅग भरली, तेव्हा त्या काढून ठेवल्या. खारे शेंगदाणेही काढले. बीपीवाल्याला एवढं मीठ कशाला, म्हणून. अजून स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्यामागे आहेत.

नत्थुजी: मले मालूम हाय.

विमल: काय माहीत आहे?

नत्थुजी: मूर्तिजापूरले बॅग उघडली होती त्याइनं. सारी धुंडाळली. मंग हासाले लागले. म्हनले, घरच्या मास्तरीनबाईनं जप्त केल्या वाटते. मी म्हनलं, समोर मेडिकल हाय, घेऊन येतो. त मायाच हात धरला. म्हनले, राहू दे. वीस वर्ष झाले ते मायं मीठ सांभायून राहिली, एका दिवसासाठी नाई मोडत मी.

विमल: असं म्हणाले?

नत्थुजी: असंच.

विमल: हे नव्हतं सांगायचं मला.

नत्थुजी: तुमीबी सांगतलंच ना.

विमल: हो. सांगितलं.

नत्थुजी: वहिनी. मायं चुकलं. रागात निंगालं तोंडून. मी हे नाई सांगनार होतो कोनालेच. खरंच नाई.

विमल: मी डॉक्टरांना विचारलं होतं पुड्यांचं. म्हणाले, एवढं पाणी पोटात गेल्यावर पुड्यांनी वाचलेच असते असं नाही. मी पुन्हा विचारलं, म्हणजे काहीच फरक पडला नसता का? तेव्हा पुढच्या पेशंटला आत बोलावलं त्यांनी.

नत्थुजी: तुमचा नाई काही दोष.

विमल: असं म्हणू नका. मग मलाही तुम्हाला तसंच म्हणावं लागेल. आणि माझ्यानं नाही होणार. आज तरी नाही.

नत्थुजी: नोका म्हनू. मायाकडे पाहूबी नोका.

विमल: पाहायला जमत नाही, हे खरं आहे. तुमचा हात दिसला की तो त्यांच्या मानेखाली दिसतो. घरून निघाले तेव्हा वाटलं होतं, दोघं मिळून रडू, थोडं हलकं होईल. तसं काही झालं नाही.

नत्थुजी: मलेबी नाई होऊन राहिलं हलकं.

विमल: योगेशला फोन लावता? मी लावला असता, पण त्याला वाटेल, काकू दुःखात काहीतरी बोलून राहिल्या. तुमचं ऐकतील ती पोरं.

नत्थुजी: आता?

विमल: आता. मी इथे आहे तोवर. आवाज मोठा ठेवा.

नत्थुजी: थांबा, चस्मा नाई मायाजवय. हे घ्या, तुमीच धुंडा त्याचं नाव.

विमल: लागला. घ्या.

योगेश: बोला काका! तुमचंच काम करून राहिलो. चारही कॅना भेटल्या. अन् बॅनर पाहान त खूश होऊन जान. पंतांचा हासरा फोटो टाकला, कोर्टातल्या काळ्या कोटातला.

नत्थुजी: योगेश, कॅना नोको आनू बाप्पा.

योगेश: काहून? दुसऱ्या कोनाच्या आनता का?

नत्थुजी: नाई. ऐक. कोनालेच पाजाचं नाई. ज्याले तहान लागन तो पेईन, लागन तेवढंच. शिट्टी नाई मारू. जबरदस्ती नाई करू. मीठ-साखरेच्या पुड्या ठेवजो टेबलावर. बीपीची गोयी कोन खाते ते निंगायच्या आंधी इचारजो, अन् त्याले म्हनजो, पयले डॉक्टरले इचारून ये. अन् कोनाची बोटं सुजली, डोक्सं दुखलं, मयमय झाली, त त्याच्या तोंडाले बाटली नोको लावू. सिद्धा दवाखान्यात ने. लिहून घेतलं का?

योगेश: घेतो... पन काका, झालं काय? तब्येत बरी हाय ना?

नत्थुजी: बरी हाय.

योगेश: मंग असं उलटं काहून सांगता? आमी साऱ्या पोट्ट्याइनं त तुमच्यापासूनच शिकलं. तहान लागायच्या आंधीच पेयाचं, म्हनून. तुमीच त शिकवलं ना काका आमाले?

नत्थुजी: हो. मीच शिकवलं.