पारूबाईंच्या गाण्यांची मूळ फाइल

आजच्या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय प्रतिभाताई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती राजरत्नभाऊ आणि खोडद-येडगावहून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला गायन मंडळातर्फे फक्त गौरवपर बोलायला सांगितलंय. बोलतो. जरा पाणी देता का?

भाऊंनी एकतीस वर्षं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर तंत्रज्ञ म्हणून काढली. आकाशातले क्षीण संकेत जपणारा हा माणूस. आईची, म्हणजे पारूबाईंची सतरा गाणी त्यांनी त्या हयात असताना रेकॉर्ड केली आणि ती एकमेव हार्ड डिस्क विश्वासानं आमच्या मंडळाकडे ठेवली. "रिटायर झालो की निवांत ऐकणार," म्हणायचे. त्यासाठी पुण्याहून भारी स्पीकरही आणलेत. खरं ना, भाऊ?

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीचं शूटिंग ठेवायला डिस्कमध्ये जागा नव्हती. मी गाण्यांच्या मोबाइलपुरत्या लहान फाइली केल्या. मग समाजमंदिरापुढच्या मंडपात मोठी आणि लहान, दोन्ही वाजवून चाळीस जणांना विचारलं, फरक कळतो का? एकही हात वर झाला नाही. पारूबाईंच्या जाऊबाई, कोंडाबाई, तर माझ्यावरच खेकसल्या, "आवाज तिचाच हाय की रं! फरक कसला इचारतो?" त्याच दुपारी मी मोठ्या फाइली पुसल्या.

आणि वाजवलं कशावर? मंडपाच्या कर्ण्यावर! कर्ण्यातनं सगळ्या गावाचा आवाज सारखाच येतो, राव. हसू नका, मला हसू येत नाही.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. हेडफोन लावतो, काढतो, पुन्हा लावतो. ओळ संपताना पारूबाई श्वास घ्यायच्या, तो पुसट वाटतो. खरंच पुसट झालाय, की माझ्या मनाचा खेळ? जाणकार म्हणतात, नीट केलेली लहान फाइल भल्याभल्यांना ओळखू येत नाही. असेलही. पण मी नीट केली का? ताडून बघायला मूळच उरलं नाही.

भाऊंना हे आत्ता, तुमच्याबरोबरच कळतंय. एकट्यात सांगायला चारदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. चहा पिऊन परत आलो.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही चुकलं असल्यास क्षमा करा, असं म्हणायची रीत आहे. माझं चुकलंच आहे, भाऊ. ही डिस्क घ्या. हिच्यात तुमची आई आहे. किती आहे, ते मला सांगता येत नाही.